पेववाला रामराव

केदारखेड्यात रामरावला शेतकरी म्हणून कोणी ओळखत नव्हतं. शेत होतं, बैल होते, पण ते तसे सगळ्यांनाच होते. रामरावचं नाव होतं ते पेवासाठी.

पेव म्हणजे पांढरीच्या, गावठाणाच्या घट्ट मातीत खांदलेली ज्वारीची खोल कोठी. तोंड एका माणसापुरतं, पोट मात्र खोलीएवढं. आतून कडब्याचा थर द्यायचा, ज्वारी भरायची, तोंडावर शिळा ठेवून चिखलानं लिंपून टाकायचं. ज्वारी वरसं-दोन वरसं आत पडून राहायची आणि आतली हवा पार मारून टाकायची. शिळा काढली की गरम, आंबूस वाफ वर यायची. त्या वाफेत घाईनं उतरलेला माणूस दोरानंच वर काढावा लागायचा.

उतरायचं कोणी हे ठरलेलं होतं. ज्वारी वरच्या आळीची, उतरणारा खालच्या वस्तीतला. बहात्तरच्या दुष्काळात रामरावच्या बापानं पेव उघडलं आणि बौद्धवाड्यातल्या धर्मराजला आत सोडलं. धर्मराज अंगानं काटकुळा, पेवाच्या तोंडातून सटकन जायचा म्हणून त्यालाच बोलावत. तो आत गेला, एकदा खोकला, आणि पुन्हा खोकला न्हाई. रामरावच्या बापानं त्याच्या घरच्यांना दोन पायल्या ज्वारी दिली. त्याच पेवातली. आणि वर म्हणाला, चांगली निवडून देऊन राह्यलो, ओल लागलेली, पाणलागी न्हाई.

रामरावला तव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं. धर्मराजचं त्याला वाईट वाटलं का, हे कोणी विचारलं न्हाई. पण पुढच्या पेवापासून त्यानं कंदील धरला. दोराला कंदील बांधायचा, हळूहळू आत सोडायचा. विझला तर वर ओढायचा. मंग लिंबाचा मोठा डहाळा दोराला बांधून पेवात वर-खाली, वर-खाली हलवायचा, म्हणजे मेलेली हवा बाहेर आणि जिती हवा आत. पुन्हा कंदील. तो तळाला टेकून बराबर जळत राह्यला की रामराव बोट वर करायचा. "जा." तो म्हटल्याबिगर कोणी पेवाच्या तोंडाला पाय लावायचा न्हाई.

ही विद्या काही त्यानंच काढलेली नव्हती, आसपासच्या गावांत जुन्या माणसांना ती ठावूक होती. पण रामरावनं तिचा थाट केला. ज्याचं पेव असन तो सावकार असो का सरपंच, त्याला उन्हात उभा करायचा. डहाळा हलवून झाल्यावरही उगंच चिलीम ओढत बसायचा. कोणी "झालं का रामराव?" म्हटलं की म्हणायचा, "तुमीच उतरा ना मंग." उतरायला आलेला गडी भेदरलेला असला तर हा कंदील मुद्दाम फुंकून विझवायचा आणि त्याचं तोंड उतरलेलं पाहून मांड्या पिटून हसायचा. लोकही हसायचे. रामरावच्या हातून पुढं एकही माणूस पेवात मेला न्हाई, हे खरं. आणि ज्यांना त्यानं जगवलं त्यांच्यापैकी एकाचंही नाव त्याला आठवत नव्हतं, हेही खरं.

मंग पत्र्याच्या कोठ्या आल्या. ज्वारी गेली, कपाशी आली, मका आली, सोयाबीन आली. पेवं दगड-मातीनं बुजवून टाकली. रामरावचा थाट त्यांच्यासंगंच बुजला. बायको झुंबरबाई होती तोवर घरात त्याला भाकर वाढताना "बास का, अजून देऊ?" असं विचारणारं एक माणूस होतं. ती गेली आणि शेत बटईनं देऊन पोरानं त्याला भोकरदनला आणलं.

पोरगा बबलू. त्याचं बिछायत केंद्र होतं. गाद्या, लोड, सतरंज्या, खुर्च्या, कनाती, भोंगे, लग्नाला लागणारं सगळं. तालुक्याच्या गावाला त्यानं घर बांधलं आणि माल ठेवायला घराखाली बेसमेंट काढलं. रस्त्यावरून पायऱ्या खाली जायच्या, मधी एक ओटा, तिथून सरळ पुन्हा पायऱ्या. रामरावनं पहिल्या दिवशी डोकावून पाह्यलं आणि म्हणाला, "बबल्या, घराखाली पेव खांदलं की रं."

सगळे हसले. सून दैवशालाही हसली. आणि नाव पडलं ते पडलंच. बबलू फोनवर गड्यांना सांगायचा, "लोड पेवात टाका." नाव देणं हेच रामरावचं त्या घरातलं पहिलं आणि शेवटचं चाललेलं काम. बाकी त्याला कोणी काही विचारत नसे. भाजी कोणती करावी, पोरीला कोणत्या शाळेत टाकावं, मोटरसायकल घ्यावी का न्हाई. तो मधी तोंड घालायचा, "माझं ऐकशीन तर..." आणि बबलू म्हणायचा, "आबा, तुमी आराम करा." दैवशाला तर तेवढंही म्हणायची न्हाई. ती टीव्हीचा आवाज वाढवायची. रामरावला भाकरीची ददात नव्हती, अंथरूण चांगलं होतं, दवा-पाणी वेळेवर होतं. त्याला फकस्त एकदा कोणीतरी विचारायला पाह्यजे होतं. ह्या एका गोष्टीपायी तो आतून कुजून राह्यला होता.

सप्टेंबर सरता-सरता पाऊस जो लागला तो थांबायचं नाव घेईना. केळना नदीला पूर आला, पुलावरून पाणी गेलं, गावातली लाईन बंद करून टाकली. नालीचं पाणी उलटं फिरलं आणि बबलूच्या पेवात शिरलं. सकाळी पाहतात तर खालच्या गाद्यांची थप्पी पाण्यात, कनातींचे गठ्ठे तरंगून राह्यलेले, लग्नसराईचा सगळा माल नासायच्या बेतात.

बबलूकडं कामाला सर्जेराव होता. केदारखेड्याचाच. मांडव टाकायचा, फाटल्या गाद्या शिवायचा, कापूस पिंजून पुन्हा भरायचा. धर्मराज त्याचा सख्खा चुलता. बबलू त्याला सर्जेरावकाका म्हणायचा. रामराव मात्र साठी ओलांडलेल्या माणसाला अजून "सर्ज्या" म्हणायचा, आणि सर्जेराव त्याला "पाटील" म्हणायचा, तेही असं ओढून की ऐकणाऱ्याला शिवी वाटावी.

बबलूनं शेतावरचं पेट्रोलचं इंजन आणलं. रस्त्यावर ठेवून पाह्यलं तर ते खोलातलं पाणी ओढीना. मंग दोघांनी ते उचलून मधल्या ओट्यावर नेलं. वरून पाऊस आत पडत होता, तर पायऱ्यांच्या तोंडावर ताडपत्री गच्च बांधली आणि कडेनं वाळूची पोती लावली. पाईप तेवढा बाहेर. इंजन सुरू झालं. पाईपातून काळं पाणी रस्त्यावर पडायला लागलं तसं बबलूचं तोंड उजळलं.

दुपारपर्यंत तो आत-बाहेर करत राह्यला. खाली जाऊन गाद्या वरच्या थप्पीवर फेकायच्या, वर येऊन दम खायचा. एकदा वर आला तो कपाळ धरून. पायरीवरच बसला आणि बाजूला ओकला.

"डोकं ठणकून राह्यलं," तो म्हणाला. "पाय नुसते लटलट करून राह्यलेत."

"सकाळपासून पोटात काय हाय तुमच्या?" दैवशाला म्हणाली. मंग ताडपत्रीकडं पाहून म्हणाली, "का इंजनाचा धूर असन?"

घराच्या दारापुढं खुर्ची टाकून बसलेला रामराव खुदकन हसला.

"धूर डोळ्याला दिसतो, नाकाला कळतो," तो म्हणाला. "दिसून राह्यला का तुला धूर? ओला कापूस हाय आत, कोंडलेलं हाय. ही पेवाची वाफ हाय. म्या हयात घालवली तिच्यात."

नेमकं तव्हाच इंजन फडफडलं आणि बंद पडलं. पेट्रोल संपलं होतं. पाणी अजून गुडघाभर होतं आणि वरून पाऊस चालूच. बबलू पेट्रोलचा डबा घेऊन उठला, पुन्हा बसला. त्यानं सर्जेरावकडं पाह्यलं, मंग बायकोकडं. त्याला जायची भीती वाटत होती आणि माल भिजायचीही.

 दैवशाला सासऱ्याकडं वळली. लग्न होऊन घरात आल्यापासून पहिल्यांदा.

"मामा, तुमी सांगा मंग. उतरावं का न्हाई?"

रामराव खुर्चीतून उठला तो दहा वरसांनी तरणा होऊन. लाईन नव्हती म्हणून घरात कंदील काढलेलाच होता. त्यानं काच पुसली, वात कातरली, दोर मागवला. शेजारपाजारचे दोघं-चौघं छत्र्या घेऊन पाहायला जमले, तर त्यांना म्हणाला, "सरका मागं, उजेड अडवून राह्यले." ताडपत्रीची कड वर करून त्यानं कंदील आत सोडला. ओट्यापर्यंत. मंग काठीच्या टोकाला अडकवून त्याच्याही खाली, पाण्याला टेकेपर्यंत. सगळे वाकून पाहत होते. ज्योत सरळ होती. हलली न्हाई, निळी पडली न्हाई, विझली न्हाई. रामराव मुद्दाम ताटकळत ठेवून बसला. बबलूनं "आबा?" म्हटलं तरी बोलला न्हाई. जुना थाट तो पुरता वसूल करून राह्यला होता.

मंग त्यानं बोट वर केलं.

"बराबर जळून राह्यला. बिलकुल साफ हवा हाय. सर्ज्या, जा. इंजनात तेल टाक आणि पाईपाच्या जाळीत कचरा अडकला असन तो काढ."

सर्जेराव हलला न्हाई.

"म्या न्हाई जाणार, पाटील."

"कामून? कंदील दिसत न्हाई का? आंधळा झाला का?"

"कंदील दिसून राह्यला. पण तुमी वर आणि आमी खाली, हे लई झालं. ह्या टायमाला तुमच्यातलं कोणी आधी उतरू द्या. मंग म्या येतो."

सर्जेरावला आतल्या हवेचं काही कळलं होतं असं न्हाई. इंजनाचा त्याला संशयही आला नव्हता, सकाळी ते त्यानंच उचलून आत ठेवलं होतं. तो नुसता जुना राग होता, पन्नास वरसं पोसलेला, आणि आज तो तोंडातून बाहेर पडला एवढंच.

रामरावचं डोकं फिरलं. "तुझ्या चुलत्याच्या टायमाला कंदील नव्हता, म्हणून मेला तो. येडं होतं ते. आमच्या बापानं म्हटलं आणि घुसलं."

"व्हय. येडाच होता," सर्जेराव म्हणाला. "तुमच्या बापावर इस्वास ठेवला."

शेजारी हसले. बबलूही हसला, डोकं धरून. "ऱ्हाऊ द्या काका, म्या जातो. आबा म्हणून राह्यले ना साफ हाय, मंग काय."

त्यानं डबा उचलला, कंदील घेतला आणि ताडपत्रीखाली वाकून गेला. "कंदील लांब टांग, तेल सांडशीन," रामराव मागून ओरडला. थोड्या वेळानं इंजनाला दोरी ओढल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, आणि ते फडफडून चालू झालं. पाईपातून पुन्हा काळं पाणी पडायला लागलं.

"बोल की आता," रामराव सर्जेरावला म्हणाला. "कंदील खोटा का?"

सर्जेरावनं तंबाखू मळली. दैवशाला चहा टाकायला आत गेली. जाताना थबकून म्हणाली, "मामा, तुमाला साखर कमीच ना?" हेही तिनं कधी विचारलं नव्हतं. रामरावनं खुर्ची पुढं ओढली आणि शेजाऱ्यांना जुन्या पेवांच्या गोष्टी सांगायला लागला. कोणता सावकार उन्हात उभा राह्यला, कोण भेदरून पळाला. शेजारी ऐकत राह्यले. इंजन चालू होतं, पाणी पडत होतं, म्हणून सगळं बराबर होतं. चहा आला. बबलूचा कप बशीनं झाकून ठेवला.

पाईपातून पाण्याऐवजी हवा यायला लागली. जाळी कोरडी पडली असन, ती खोलात सरकवायला बबलू पुढं जाईन, म्हणून सगळे थांबले. पाणी आलंच न्हाई. इंजन नुसतं ओरडत राह्यलं.

दैवशालानं ताडपत्रीची कड उचलून हाक मारली. पुन्हा मारली. मंग ती एकदम आत घुसायला गेली तर सर्जेरावनं तिला दंडाला धरून मागं फेकलं. ती चिखलात पडली. त्यानं विळ्यानं ताडपत्री उभी फाडली.

खाली कंदील भिंतीच्या खिळ्याला टांगलेला होता आणि झकास जळत होता. त्या उजेडात बबलू गाद्यांच्या थप्पीवर पालथा पडला होता, लग्नातला पाहुणा दुपारी कलंडतो तसा.

"झोपला गा तो," रामराव म्हणाला. "बबल्या, ऊठ. ऊठ रे, कंदील जळून राह्यला."

सर्जेरावनं तोंडाला ओला गमछा बांधला, श्वास कोंडून ओट्यापर्यंत गेला, लाथेनं इंजन पाडून बंद केलं आणि खोकत वर आला. मंग शेजारच्यांनी एकेक करून, नाक धरून, बबलूला वढून काढलं. रस्त्यावर पावसात निजवला तव्हा सगळ्यांना तो जिता वाटला. गाल तांबूस, ओठ लाल. आयुष्यात बबलू इतका तरतरीत कधी दिसला नव्हता. दैवशाला त्याच्या गालावर चापट्या मारत म्हणत होती, "पाहा ना, रंग पाहा ना, बरे हायेत ते."

सरकारी दवाखान्यात तरणी डॉक्टरीण होती. तिनं पापणी वर करून पाह्यली, ओठ पाह्यले आणि पहिलाच प्रश्न केला, "इंजन आत चालवलं होतं का?"

"आतच," सर्जेराव म्हणाला.

"किती वेळ?"

"सकाळपासून."

तिनं पदरानं घाम पुसणाऱ्या दैवशालाकडं न पाहता सांगितलं, कोंडलेल्या जागेत इंजनातून एक गॅस निघतो. त्याला वास नसतो, तो दिसत न्हाई. डोकं दुखतं, ओकारी होते, मंग माणूस झोपतो. तव्हाच बाहेर बसून राह्यला असता तर वाचला असता.

"पण कंदील जळत होता," रामराव म्हणाला.

"जळणारच बाबा. त्या गॅसनं दिवा विझत नाही."

रामरावनं तिच्याकडं असं पाह्यलं जसं तिनं त्याच्या आईला शिवी दिली. "डॉक्टरीणबाई, तुमाला पेव माहीत न्हाई. म्या सोता पाह्यलं. सरळ जळत होता."

तेच त्यानं पोलिसाला सांगितलं. तेच सरणाजवळ सांगितलं, आणि तेच भेटायला आलेल्या प्रत्येकाला. लोक मान डोलवायचे. पण मातीला आलेल्या वरच्या आळीच्या माणसांना वेगळंच बोचत होतं. "मजूर कशाला ठेवला होता मंग?" ते म्हणायचे. "गडी असून मालकाला उतरावं लागलं." हे सर्जेरावच्या तोंडावर बोलायचे. सर्जेरावनं एकदाच उत्तर दिलं. "म्या उतरलो असतो तर तुमी आला असता का रं मातीला?" राग मात्र कोणाचा गेला न्हाई.

तेराव्यानंतर दैवशालानं कंबर बांधली. बिछायत केंद्र चालवल्याबिगर घर चालणार नव्हतं. तिनं पायऱ्यांवरची उरलीसुरली ताडपत्री काढून फेकली, वरून ऊन आत येऊ दिलं. सर्जेरावनं एकेक गादी उसवली. आतला कापूस दगडासारखा गोळा झाला होता आणि त्याला कुजक्या नालीचा वास मारत होता. जो पिंजून वाचन तो गच्चीवर पसरला, बाकी उकिरड्यावर जाळला. भिंतीचा गिलावा गुडघ्यापर्यंत फुगला होता, तो टाकीनं खरवडून काढला, आतली वीट उन्हा-वाऱ्यानं कोरडी होईस्तोवर तसंच उघडं ठेवलं आणि मंग नवा लावला. लोखंडी खुर्च्यांचा गंज घासून रंग दिला. सगळ्याच्या शेवटी चुना मारला. बबलू जिथं पडला होता तिथंच सर्जेराव बसून नव्या खोळी शिवायचा. जागा बरी होती, उजेड चांगला यायचा.

ह्या सगळ्या दिवसांत दैवशाला सासऱ्याशी एक शब्द बोलली न्हाई. शिवी न्हाई, रडणं न्हाई. रामरावला वाटलं, होईन हळूहळू. त्याला आतून अजून तसंच वाटत होतं की त्याचं चुकलं न्हाई, कंदील तर जळत होता.

एक दिवस सकाळी ती त्याच्यापुढं येऊन उभी राह्यली, पदर डोक्यावर घेऊन.

"मामा, आंघोळीचं पाणी काढू का?"

तो दचकला. "काढ ना."

"पाहून सांगा. उतरावं का त्यात?"

तव्हापासून ती विचारतेच. वरण ताटात वाढताना विचारते, खावं का. पोरीला शाळेत सोडताना दारात आणून उभी करते आणि विचारते, धाडू का. आवाज गोड, नजर खाली. उत्तर दिल्याबिगर हलत न्हाई. तो गप्प राह्यला तर ताट हातात धरून तशीच उभी राहते, भाकर वाळेपर्यंत. एकदा तो रागानं म्हणाला, "मला नको विचारू." ती म्हणाली, "मंग कोणाला विचारू? घरात जाणतं माणूस दुसरं हाय का कोण?" आणि उभीच राह्यली. शेवटी त्याला म्हणावं लागलं, "खा. खा सगळे."

परवा संक्रांतीआधी हसनाबादहून तिच्या माहेरची माणसं आली होती. समोरच्या खोलीत सतरंजी टाकलेली, रामराव भिंतीला टेकून बसलेला. दैवशाला चहाचा ट्रे घेऊन आली, पाहुण्यांच्या अंगावरून पुढं गेली आणि सासऱ्यापुढं वाकली.

"मामा, पाहुण्यांना चहा देऊ का? तुमी म्हणशान तर देते."

पाहुण्यांमधल्या म्हाताऱ्या गिरिजाबाईला भरून आलं. "पाहा," ती बाकीच्यांना म्हणाली, "एवढं झालं तरी पोरीनं रीत सोडली न्हाई. सासऱ्याला विचारल्याबिगर पाऊल टाकत न्हाई. नशीबवान हाय हो रामराव तुमी."

चहातून वाफ निघत होती. रामराव कपांकडं पाहत राह्यला. पाहुणे अदबीनं त्याच्या तोंडाकडं पाहत होते.

"द्या," तो म्हणाला.

दैवशालानं मान हलवली आणि मंगच ट्रे पुढं फिरवला.